वॉटसन हॉटेलातला बिडाचा खांब

2014 च्या डिसेंबरात मुंबईत एका खांबावर स्कूटरच्या किल्लीनं टकटक केली म्हणून मी एका वकीलसाहेबांची बोलणी खाल्ली. ते काय म्हणाले ते अजून पाठ आहे. पण आधी मी तिथं कसा पोचलो ते सांगतो.

माझं दारव्ह्याला फॅब्रिकेशनचं दुकान आहे, जिल्हा यवतमाळ. गेट, ग्रिल, टिनाचे शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, असली कामं. आमच्या गावच्या शेतकरी गटाचं गोदाम मीच उभं केलं होतं, आणि त्याच्या अनुदानाची फाईल मुंबईच्या एका कार्यालयात जाऊन बसली होती. गटाचे अध्यक्ष म्हणाले, "तूच जाऊन ये बाप्पा, तुले मापं-बिपं समजते." बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली, सकाळी सीएसटीला उतरलो, अकराला खिडकीसमोर उभा. तिथल्या बाईंनी फाईल चाळली आणि म्हणाल्या, एक प्रतिज्ञापत्र कमी आहे, आजच आणा, उद्या साहेब दौऱ्यावर आहेत. कुठून आणू म्हटलं. काळ्या घोड्याला जा, सेशन्स कोर्टासमोर जुनी बिल्डिंग आहे, तिथे नोटरी बसतात.

ती जुनी बिल्डिंग म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन. तिचं मूळ नाव वॉटसन हॉटेल, पण हे मला त्या दिवशी कुठे ठाऊक? मला दिसले ते खाली फुटपाथवरचे टायपिस्ट, झेरॉक्सची दुकानं, वर पाच मजले काळवंडलेल्या गॅलऱ्या आणि त्यांतून लोंबणाऱ्या वकिलांच्या पाट्या. जिना लाकडी. प्रत्येक पायरी मधोमध झिजून पन्हाळीसारखी झालेली. वर गेलं की प्लायवुडची खुराडी, एकेका खुराड्यात एकेक वकील, आणि भिंतीवर वायरींचा असा गुंता की शेताच्या धुऱ्यावर उपटून टाकलेल्या पऱ्हाटीचा ढीग बरा.

नोटरीकडे माझ्या पुढे चार जण होते. बसायला जागा नव्हती म्हणून मी गॅलरीच्या बाजूला एका खांबाला टेकलो, आणि पाठीला थंडगार लागलं. भर दुपारी लाकूड नाही तर सिमेंट असं लागत नाही. वळून पाहिलं. गोल खांब, ऑइलपेंटचे इतके थर चढलेले की वरच्या गळ्याची नक्षी वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. एका ठिकाणी रंगाचा पापुद्रा उडाला होता. नख घासलं तर बोटाला काळी भुकटी आली, पेन्सिलच्या शिशासारखी. बीड! ओतीव लोखंड. आपल्या नेहमीच्या लोखंडाचा गंज तांबडा, दाणेदार असतो. जुनं बीड नखाखाली असं काळं उतरतं.

मग राहवलं नाही. बीड धड आहे की तडकलंय हे पाहायची आमची रीत एकच, ठोकायचं. धड असेल तर घंटेसारखं वाजतं, भेग असेल तर फुटक्या माठासारखं. खिशातली किल्ली काढली आणि खालून वर ठोकत गेलो. ठण्ण, ठण्ण, ठण्ण आणि डोक्याच्या वर हात नेला तिथे एकदम ठद्. बघतो तर कुणीतरी एसीचा अँगल बसवायला खांबाला ड्रिल मारलेलं, आणि त्या भोकातून केसाएवढी बारीक रेघ खाली उतरलेली.

"अहो, देवळातली घंटा आहे का ती?" नोटरीसाहेब चष्म्यावरून बघत होते. "आधीच काय काय पडतंय इथे, त्यात तुमची भर कशाला?"

मी भेग दाखवली. त्यांनी पाहिलीही. म्हणाले, "तो एसी माझा नाही." शिक्का मारला, पैसे घेतले, पुढचा.

गोदामाचं अनुदान पुढच्या वर्षी मिळालं, तो विषय संपला. खांब मात्र डोक्यातून जाईना. गावी आल्यावर जे मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता ती गोष्ट फिरून फिरून आमच्याच कपाशीच्या वावरात यायला लागली.

जॉन वॉटसन हा मुंबईतला इंग्रज कापडवाला. त्यानं एस्प्लनेडवरचे, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या जागेतले, प्लॉट घेतले 1864 साली. हे साल आमच्याकडच्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिकडून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला, आणि इंग्लंडला वऱ्हाड आठवलं. वऱ्हाड 1853 लाच निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेलं होतं. आमची गावरान कपाशी आखूड धाग्याची, त्यांच्या गिरण्यांना ती कधी पसंत नव्हती, पण अडला हरी म्हणतात तसं झालं. अमरावतीच्या कापसाला मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणत. उमरावती, त्याचं ऊमरा. म्हणजे आमच्या भागाचं नाव तिकडच्या भावाच्या कागदावर रोज छापून यायचं आणि इकडे बंडीवाल्याला त्याचा पत्ता नाही.

मुंबईत तेव्हा पैशाचा नुसता पूर. किल्ल्याचा कोट पाडून मोकळ्या झालेल्या जागेचे प्लॉट पडले, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, बॅक बे कंपनीचा 5,000 भरलेला शेअर 50,000 च्या घरात गेला. मग अमेरिकेतलं युद्ध संपलं, आणि 1 जुलै 1865 ला वायद्यांचा हिशेब चुकता करायची वेळ आली तेव्हा निम्मी पेठ बुडाली. कापसाच्या सट्ट्याचा राजा म्हणवणारे प्रेमचंद रायचंद त्यात बुडाले. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा आहे, आईच्या नावाचा, आणि एस्प्लनेड मॅन्शनपासून तो चालत पाच मिनिटांवर आहे. त्या चौकात उभं राहून मान वळवली की जे जे दिसतं त्यातल्या बऱ्याच दगडांखाली सरकी सापडेल असं मला वाटतं.

वॉटसन मात्र बुडाला नाही. सट्ट्यापेक्षा कापडाचा धंदा बरा असेल. 1867 ला त्यानं बांधकाम काढलं, आणि इथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात. त्यानं इमारत मुंबईत बांधलीच नाही. ती इंग्लंडात ओतली आणि इथे जोडली. नकाशा रोलंड मेसन ऑर्डिश नावाच्या इंजिनिअरचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं ते 240 फुटांचं, मधे एकही खांब नसलेलं छत आहे ना, त्याच्या बारकाव्यांचं काम याच माणसाचं. खांब डर्बी गावच्या फाउंड्रीत ओतले. खांबाखालचे तांबडे दगड पेनरिथचे, वॉटसनच्या मुलखातले. विटा आणि सिमेंटसुद्धा तिकडचंच. सगळं जहाजानं आणलं, क्रमानं लावलं, बोल्ट कसले. 1869 पर्यंत सांगाडा उभा आणि 1871 ला हॉटेल सुरू. उभारणी चालू असताना जमिनीतून पक्ष्याचा भलामोठा पिंजरा वर आल्यासारखं दिसतं, असं त्या काळी कुणीसं लिहून ठेवलंय. अगदी बरोबर लिहिलंय. शेडचा सांगाडा टिनं चढवायच्या आधी तसाच दिसतो.

यातली गंमत धंद्यात नसलेल्याला चटकन कळणार नाही म्हणून सांगतो. तोवरच्या इमारतीत भार पेलायच्या भिंती. जितके मजले जास्त तितकी खालची भिंत जाड. वॉटसनच्या इमारतीत भार सगळा लोखंडावर; भिंत नुसती आडोशाची, विटांचं भरताड. मी चार दिवसांत जे गोदाम उभं करतो, खांब, ट्रस, वरून टिनं आणि बाजूनं हवं तर विटा, त्याचा हा खापरपणजोबा. भारतात उभ्या असलेल्या ओतीव लोखंडाच्या इमारतींत ही सगळ्यात जुनी धरतात.

आणि त्याच 1867 ला मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. रूळ तिकडचे, इंजिनं तिकडची. एका बाजूनं आमची रुई गठाणी बांधून खाली उतरत होती, दुसऱ्या बाजूनं त्यांचं लोखंड वर चढत होतं.

हॉटेलाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे लिहिलेलं असतं. 130 खोल्या, मधे काचेच्या छताखाली नाचायचं दालन, वाढायला खास विलायतेहून आणलेल्या बाया. वॉटसननं येताना तिकडची हवाही आणली असती तर बरं झालं असतं, असा विनोद साहेब लोक करत. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली, तिकीट एक रुपया. त्याच साली अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला आणि त्यानं मुंबईच्या कावळ्यांवर लिहिलं. मला गॅलरीत कावळेच कावळे दिसले होते, तेवढं मी त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहे.

जमशेटजी टाटांना या हॉटेलात शिरू दिलं नाही म्हणून त्यांनी 1903 ला ताजमहाल हॉटेल काढलं, ही दंतकथा सगळ्यांना पाठ. खरी असल्याचा कुणाकडे पुरावा नाही. पण ती ऐकली की मला नागपूर आठवतं. जमशेटजींनी एम्प्रेस मिल नागपुरात काढली, 1 जानेवारी 1877, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली तो दिवस. लोक म्हणत होते गिरणी मुंबईत काढ, यांनी कापूस जिथे पिकतो तिथे काढली. माझ्या आजीचा भाऊ त्या मिलमध्ये होता. ती आता पाडली. तिथे मॉल झाला, मी त्यात बुटं घेतली आहेत.

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर हे सगळं परक्याच्या घरावर पाटी लावल्यासारखं होईल.

आमच्या तालुक्यात एक जुनं जिन होतं, कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. माझे आबाजी त्यात फिटर होते. रेचे, म्हणजे त्यातली यंत्रं, फिरायला लागले की जमीन थरथरायची, आणि सुटीला घरी आलेल्या आबाजींच्या भुवयांवर, कानाच्या केसांवर रुईचा कापूस बसलेला असायचा. माय त्यांना आधी अंगणात झटकायची आणि मग घरात घ्यायची. जिनातून गठाणी शकुंतलेनं, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीनं, मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. शकुंतलेला 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन होतं, ते 1994 पर्यंत ओढत होतं. मी लहानपणी चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढलेलो आहे, हे खोटं वाटेल पण आमच्या भागात कुणालाही विचारा. वाटेतलं कारंजा, तिथला कापसाचा बाजार 1886 ला सरकारी नियमात आला, देशातला पहिला. असला सगळा तो मुलूख.

जिन बंद पडून बरीच वर्षं झाली होती. 2009 ला मालकांच्या मुलांनी जागा विकायला काढली आणि भंगारवाल्यानं मला बोलावलं. चौदा खांब होते, गॅसनं कापून द्यायचे, खांबामागे मजुरी ठरली. मी गेलो. नाही कशाला म्हणू, दोन पोरं कामाला होती, त्यांचा पगार निघत होता.

टॉर्च पेटवली, पहिल्या खांबाला लावली, आणि पाच मिनिटांत कळलं की हे कापायचं काम नाही. साधं लोखंड गॅसनं लोण्यासारखं कापलं जातं. बीड कापलं जात नाही. ते वितळतं, ठिबकतं, बुडबुडे येतात, चीर पुढे सरकतच नाही. भंगारवाला म्हणाला, "काहून टाइम वाया घालवून रायले भाऊ, घण आणा." मग दोर लावून खांब पाडायचा आणि घण घालायचा. बीड वाकत नाही. ते तीन-चार घाव नुसतं गात राहतं आणि मग एका घावात काचेसारखं फुटतं. फुटलेल्या तोंडावर राखाडी, दाणेदार, चमचमणारं. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडल्यावर दिसतो ना पोत, तसा.

बारावा खांब फुटला तेव्हा त्याच्या पायाच्या चकतीवरचा रंग उडाला आणि खाली उठावाची इंग्रजी अक्षरं दिसली. अर्धी गेलेली. 'मँचेस्टर' तेवढं वाचता आलं. आबाजी त्या खांबाला टेकून डबा खायचे की दुसऱ्या, कोण जाणे. पण मी पोरांना थांबा म्हटलं. उरलेले दोन मी मजुरीत वळते करून घेतले. सोळा रुपये किलोनं लावले त्यानं, एकेक भरला पावणेतीन क्विंटल. बायको म्हणाली, "कापसाचं गाठोडं आणलं असतं तं समजलं असतं, हे काय आणलं?"

एक खांब आता घराच्या ओसरीला आहे, दुसरा दुकानाच्या मागे आडवा पडलाय. आडवा असल्यामुळे त्याचं पोट बघता येतं. आतून पोकळ, पण पोकळी बरोबर मधे नाही. एका बाजूला बीड सव्वा इंच, दुसऱ्या बाजूला पाऊण. साचा आडवा ठेवून ओतलं की आतला मातीचा गाभा वर तरंगतो, त्यामुळे असं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या मँचेस्टरच्या मेस्त्रीची ती चूक मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. कुणाला काही पडलेली नसते.

म्हणून मुंबईच्या त्या इमारतीबद्दल मला जे वाटतं ते मी जरा बिचकतच सांगतो. बारा खांब मीच फोडलेत.

हॉटेल बंद पडल्यावर 1960 च्या दशकात खोल्यांचे तुकडे पडले, भाडेकरू आले, त्यांच्यात पोटभाडेकरू. 2005 ला तिथे पन्नासेक कुटुंबं आणि शंभराच्या आसपास ऑफिसं होती. नाचायच्या दालनाचा उकिरडा झाला होता, ते मी जिन्यावरून वाकून पाहिलंय. त्याच 2005 च्या पावसाळ्यात पश्चिमेच्या गॅलऱ्यांचा भाग कोसळला, एक माणूस गेला. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या शंभर वास्तूंत नाव घातलं. सरकारी यादीत वारसा श्रेणी दोन-अ. यादीत नाव आहे म्हणून कुणी छतावर डांबर टाकत नाही. भाडं जुन्या कायद्याचं, मालकाला त्यात रंगाचा डबा परवडणार नाही. भाडेकरू म्हणणार दुरुस्ती मालकाची. दोघंही आपापल्या जागी खरे. 2019 ला हायकोर्टाच्या आदेशानं इमारत रिकामी केली. पाडून टाका असा आयआयटीचा अहवाल आला, नाही, दुरुस्त होते, असं वारसावाले सांगत राहिले.

मी काही आयआयटीचा नाही. पण जी वस्तू तुकड्यातुकड्यानं जोडली ती तुकड्यातुकड्यानं बदलता येते, एवढं माझं दुकान मला शिकवतं. तडकलेला खांब बाजूला टेकू देऊन काढा, तसाच दुसरा ओता. मुंबईत नाही तर कोल्हापुरात ओतून मिळेल. विटांच्या भिंतीच्या इमारतीत ही सोय नसते. लोखंडाला वय मारत नाही, साचलेलं पाणी मारतं. पन्हाळी तुंबली, खांबाच्या बुडाशी पाणी मुरलं, लाकडी तुळई कुजली की वरचा भार सरकतो, आणि बिडाला सरळ दाब कितीही चालतो पण तिरका झटका सोसत नाही. पन्हाळी साफ करायला पावसाळ्याआधी दोन माणसं लागतात. ती दोन माणसं कुणी लावायची, एवढ्यावर पाच मजले अडले.

2022 ला परत मुंबईला गेलो, भाच्याच्या साखरपुड्याला. वेळ काढून काळ्या घोड्याला चक्कर मारली. टायपिस्ट नव्हते. कावळे होते. आत जायचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावरून दुसऱ्या मजल्यावरचा माझा खांब कुठला असेल ते शोधत राहिलो, शेवटी एक ठरवून टाकला. पलीकडच्या चहावाल्यानं विचारलं, कुणाकडे जायचंय? वकील सगळे गेले इथले.

गेल्या महिन्यात आमच्याकडे वायफाय आलं. पोरगा डबा बसवायला ओसरीत ड्रिल घेऊन आला आणि सरळ खांबाला बिट टेकवलं. मी ओरडलो ते ऐकून शेजारचे बाहेर आले. मग दुकानातून पंचवीस बाय तीनची पट्टी आणली, खांबाभोवती वाकवून दोन अर्धगोल केले, आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, दोन बोल्ट कसले आणि त्याला डबा लावला.

"एवढ्याशा भोकानं काय होते बाबा?" पोरगा म्हणाला. मी खिशातली किल्ली काढली आणि खालून वर ठोकत गेलो, सगळीकडे ठण्ण.